बटाट्याच्या वाटीतला पाक

इंदुरात नववीत असताना बाईंनी प्रत्येकीला घरून एक कच्चा बटाटा आणायला सांगितला होता. पुस्तक हिंदीतलं, त्यात ‘अर्धपारगम्य झिल्ली’. बाई मराठीत म्हणाल्या, “झिल्ली म्हणजे पापुद्रा गं, पेशीभोवतीचा.” बटाट्याचं बूड सोलायचं, मधे वाटीसारखा खळगा कोरायचा, त्यात साखरेचा पाक ओतायचा, पाकाच्या पातळीशी टाचणी टोचायची आणि बटाटा पाण्याच्या ताटलीत ठेवायचा. शाळा सुटेपर्यंत सगळ्यांचा पाक टाचणीच्या वर चढला होता. माझा नाही. आईनं भाजीसाठी उकडलेल्यांतलाच एक मी उचलून आणला होता.

बाई रागावल्या नाहीत. तोच बटाटा हातात धरून म्हणाल्या, “हा शिजला, पेशी मेल्या, पापुद्रे फाटले. आता पाण्याला वाट द्यायची आणि साखरेला अडवायचं, ही निवड करणारं कुणी उरलं नाही.” परासरण, म्हणजे पापुद्र्यातून पाणी घट्ट पाकाकडे ओढलं जाणं, मला त्या उकडलेल्या बटाट्यानं शिकवलं.

आज मी इंदुरातच बालरोगतज्ज्ञ आहे. मे-जूनमध्ये जुलाबानं सुकलेली मुलं येतात. मागच्या उन्हाळ्यात रामबागेतल्या एका आजींनी नातवाला शक्ती यावी म्हणून साखरेचं घट्ट सरबत पाजलं आणि जुलाब वाढले. साखर आतड्यात साचली की अंगातलं पाणी तिकडे ओढलं जातं, बाईंच्या बटाट्यात ओढलं गेलं तसंच.

“मग तुमच्या ओआरएसमध्ये तरी साखर कशाला?” आजींनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. आतड्याच्या पेशींच्या पटलात एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम जोडीनं आत घेतं, आणि त्यांच्यामागून पाणी जातं. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. कॉलऱ्यातसुद्धा ही वाट शाबूत राहते, म्हणून तर १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडानं पाजून हजारोंना वाचवलं. मला तर औषधशास्त्रात याहून सुंदर काही दिसत नाही. २००२ पासूनच्या ओआरएसमध्ये दर लिटरला सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल असतं. बरोबरीची जोडी!

पाकीट नसेल तेव्हासाठी आजींना लिहून दिलं: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा छोटे सपाट चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. “सपाट म्हणजे?” त्यांनी विचारलं. मी दवाखान्यातला चमचा साखरेनं भरून पुढे केला. आजींनी बोटानं वरची साखर अलगद पुसली आणि तो डोळ्यांजवळ धरून पाहिला.