भनन्दाग्नि की भनन्दाब्धि?

पंधरा दिवस झाले, ती प्रमोशनची मुलाखत डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. एमएस्सी गणित केलं, मग नोकरी करता करता एमए संस्कृत. शिकवते गणित, पण माझं काम जुन्या पोथ्यांमधल्या गणितावर.

त्या दिवशी सकाळी लीलावतीचा, म्हणजे भास्कराचार्यांच्या गणिताच्या ग्रंथाचा, तास होता, वर्गात बीएस्सी आणि बीए मराठीची मुलं एकत्र. व्यासावरून परीघ काढायचं सूत्र, 'व्यासे भनन्दाग्निहते विभक्ते खबाणसूर्यैः'. आकडे शब्दांत लिहिलेत, श्लोकात बसावेत म्हणून. भ म्हणजे नक्षत्रं 27, नंद 9, अग्नी 3, उजवीकडून डावीकडे मांडत गेलं की 3927. ख म्हणजे आकाश म्हणजे 0, बाण 5, सूर्य 12, झाले 1250. भागून बघा, 3.1416 येतं! पायची ही किंमत मूळची आर्यभटाची, 62832 भागिले 20000, वरखाली 16 ने भागलं की हाच अपूर्णांक.

मी एका घरातल्या हस्तलिखिताचे फोटो वाटले होते. त्यात नक्कल करणाऱ्याने अग्नीच्या जागी अब्धी लिहिलंय, अब्धी म्हणजे 4. मराठीचा मुलगा म्हणाला, मॅडम इंद्रवज्रा वृत्त आहे, अकराच्या अकरा अक्षरं, सगळं बरोबर. तेवढ्यात मागून एक बीएस्सीची मुलगी म्हणाली, पण 4927 आले तर भागाकार 3.94 येतो, हा वर्तुळाचा परीघ कसा, हा तर जवळजवळ बाहेरच्या चौकोनाचा झाला. माझ्या अंगावर काटा आला. मग मी फळ्यावर नंद पुसून अंक लिहिलं, 'भाङ्काग्निहते'. अंक म्हणजेही 9, त्यामुळे उत्तर तेच, ती मुलगी म्हणाली 'बरोबर' आणि आता त्या मुलाने पकडलं, एक अक्षर कमी पडतंय! एक चूक फक्त गणिताला दिसते, एक फक्त वृत्ताला, मला दहा वर्षं जे सांगायचंय ते दोघांनी पाच मिनिटांत करून दाखवलं.

दुपारी प्रमोशनची मुलाखत. गणिताचे तज्ज्ञ म्हणाले यात नवीन प्रमेय कुठंय, संस्कृतचे म्हणाले हे तर गणित आहे. सकाळचा तास समोर होता तरी मला एक वाक्य सुचलं नाही, माझे पेपर फॉर्मवर 'इतर' मध्ये गेले. भारतीय ज्ञानपरंपरेवर भाषणं सगळे करतात, पण पोथी उघडून ओळ न् ओळ तपासणाऱ्याला बसवायला यांच्या फॉर्मवर रकाना नाही, याचा मला खरंच राग येतो.

ती दोघं आता शनिवारी येतात, उरलेली पानं घेऊन बसतात. काल क्षेत्रव्यवहार म्हणजे आकृत्यांचं प्रकरण संपलं, पुढच्या शनिवारी खातव्यवहार, खड्ड्यांच्या घनफळाचं.