वापरलेला प्रोसेसर स्पीड का देत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

"जुना प्रोसेसर घेतला, पण सांगितलेला स्पीड देत नाही. थकलाय का तो? की मला गंडवलं?"

दुकानात, फोनवर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हाच प्रश्न. प्रत्येक वेळी घाईत अर्धंमुर्धं उत्तर देतो आणि मग ऐकतो की "ते म्हणाले, प्रोसेसर चांगलाय, बघू नका." असं मी कधीच म्हणालेलो नाही. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

प्रोसेसर वय झालं म्हणून हळू होत नाही. माझ्याकडे सगळ्यात जास्त विचारला जाणारा इंटेलचा कोअर आय७-४७९० घ्या. २०१४ चा, चार कोरचा, बेस म्हणजे नेहमीचा वेग ३.६ गिगाहर्ट्झ, टर्बो म्हणजे लोडवर स्वतःहून वाढवलेला वेग ४.०. मदरबोर्डाकडून प्रोसेसरला १०० मेगाहर्ट्झचा ठोका मिळतो आणि प्रोसेसर त्या ठोक्याला आपल्या मल्टिप्लायरनं, म्हणजे ठरलेल्या आकड्यानं, गुणतो. छत्तीसनं गुणलं की ३.६, आठनं गुणलं की ०.८. दहा वर्षं वापरला म्हणून छत्तीसचे तीस होत नाहीत. झीज होते, ते खरं आहे. पण झिजलेला प्रोसेसर त्याच वेगाला जास्त व्होल्टेज मागतो, आणि ते मिळालं नाही की चुका करतो. निळा स्क्रीन येतो, मशीन अडकतं, आपोआप रीस्टार्ट होतं. मुकाट्यानं हळू चालणारा प्रोसेसर बहुतेक वेळा कुणाचं तरी ऐकून हळू चाललेला असतो. शोधायचं एवढंच, की कुणाचं.

टास्क मॅनेजरचे जे फोटो तुम्ही पाठवता, त्यातले बरेचसे मशीन रिकामं असतानाचे असतात. तेव्हा ८०० मेगाहर्ट्झ दिसणारच, वीज वाचवायला तो मुद्दाम खाली येतो. लोड देऊन, म्हणजे जड काम लावून, बघा. लोडवरही ३.६ च्या वर जात नसेल तर विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' बघा. तिथे ९९ टक्के असेल तर टर्बो बंद असतो. नावाच्या शेवटी 'टी' आहे का, तेही वाचा. ४७९०टी त्याच सॉकेटमध्ये बसतो, पण त्याचा बेस २.७ आहे, कारण तो ४५ वॉटमध्ये राहायला बनवलाय. ऑफिसांतल्या चपट्या मशीनमधून निघालेला माल असतो हा. विकणाऱ्यानं 'टी' सांगितलं नसेल तर तुम्ही रागवा, तुमचा हक्क आहे. प्रोसेसरच्या वरच्या पत्र्यावर 'इंटेल कॉन्फिडेन्शियल' छापलेलं असेल तर तो चाचणीसाठी काढलेला नमुना आहे, विक्रीचा माल नाही, आणि असे नमुने कमी वेगाचे असू शकतात. फसवणूक होतच नाही असं मी कधी म्हटलेलं नाही.

कूलरच्या चार प्लॅस्टिक पिनांपैकी एक नीट बसलेली नसते, हे तर इतकं नेहमीचं आहे की त्यावर जास्त लिहीत नाही. तापमान १०० अंशांना टेकलं की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. कूलर काढा, त्याखालची थर्मल पेस्ट पुसा, नवी लावा, चारही पिना टक् वाजेपर्यंत दाबा.

आता जे मला खरं सांगायचंय ते.

आमच्या भागात एक फोटो स्टुडिओ आहे. मालकांना सगळे आण्णा म्हणतात, मीही म्हणतो. लग्नसराईत अल्बमचं काम रात्रंदिवस चालतं आणि त्यांचं मशीन होतं आय३-४१३०, दोन कोरचं. त्यांना वेग हवा होता, नवीन मशीनचे पैसे लग्नसराई संपल्याशिवाय मोकळे होणार नव्हते. गल्लीतच एक पोरगा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून वापरलेला माल आणून विकायचा. पंचविशीच्या आतला, हिशेबाला चोख, सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी द्यायचा आणि पाळायचा. त्यानं आण्णांना ४७९० दिला आणि स्वतः बसवूनही दिला.

पहिली काही मिनिटं मशीन जोरात पळालं. मग अल्बम एक्स्पोर्टला लावला आणि वेग ०.७९ गिगाहर्ट्झवर येऊन बसला, तो हलेचना. जुन्या आय३ पेक्षाही हळू. आण्णांनी तापमान बघितलं तर साठच्या घरात. म्हणजे गरम नाही, तरी चालत नाही. त्यांनी सरळ निष्कर्ष काढला: पीस डुप्लिकेट आहे. आणि ते भर संध्याकाळी पोराच्या दुकानासमोर उभे राहून, गिऱ्हाइकांसमोर, "चोरीचा माल गळ्यात मारतोस का?" असं ओरडायला लागले.

पोरानं मला फोन केला. "दादा, तुम्ही या. तुमचं ऐकतील."

मी गेलो. मशीन स्टुडिओतच होतं. थ्रॉटलस्टॉप नावाचं, प्रोसेसर का हळू झालाय ते दाखवणारं सॉफ्टवेअर चालू केलं, लोड दिला, आणि बीडी प्रॉकहॉटची खूण लाल झालेली दिसली. प्रॉकहॉट म्हणजे 'प्रोसेसर तापलाय' असा इशारा. 'बीडी' म्हणजे हा इशारा दोन्ही दिशांनी जातो. प्रोसेसर बाहेर सांगू शकतो, तसंच बोर्डावरचा दुसरा कुणीही प्रोसेसरला सांगू शकतो की आता थांब. तो मिळाला की प्रोसेसर वाद घालत नाही, थेट सगळ्यात खालच्या वेगावर जातो. मी बाजूचा पत्रा काढला आणि प्रोसेसरशेजारच्या व्हीआरएमजवळ, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या बोर्डाच्या भागाजवळ, हात नेला. बोट ठेवता येत नव्हतं. एच८१ चिपसेटचा स्वस्त बोर्ड, व्हीआरएममधल्या मॉसफेट नावाच्या चिपांवर उष्णता काढणारं हीटसिंक नावालाही नाही. आय३ होता ५४ वॉटचा, हा ८४ चा. इतकी वर्षं त्या बोर्डाकडे एवढी वीज कुणी मागितलीच नव्हती.

मी आण्णांना दाखवायला सॉफ्टवेअरमधली बीडी प्रॉकहॉटची खूण काढली, म्हणजे प्रोसेसरनं तो बाहेरचा इशारा ऐकू नये असं केलं. त्याच क्षणी ३.८ आला, चारही कोरवर. या प्रोसेसरचा सगळ्या कोरवरचा टर्बो तेवढाच आहे, म्हणजे पीस शंभर टक्के खरा. आण्णांचा चेहरा उजळला. "मग ठेवा की तसंच."

मी खूण परत लावली.

कारण तो इशारा खोटा नव्हता. कधीकधी लॅपटॉपमध्ये सेन्सर बिघडतो, किंवा ओळखीचा ॲडॅप्टर नसतो, आणि मशीन उगाच ८०० वर अडकतं. तिथे काय करायचं तो वेगळा विचार. इथे मॉसफेट खरंच भाजत होते. मी म्हटलं, आण्णा, त्यावर एक छोटा पंखा लावू, नाहीतर बोर्ड बदलू, पण हा इशारा बंद करून रात्रभर एक्स्पोर्ट लावलात तर बोर्ड जाईल, सोबत आणखी काय जाईल ते मी सांगू शकत नाही.

ते म्हणाले, "म्हणजे त्याचा प्रोसेसर चांगला आणि माझा बोर्ड खराब. तुम्ही दोघं एकाच धंद्यातले."

त्यानंतर पंख्याचं कुणी ऐकलं नाही. पोरानं पूर्ण पैसे परत दिले, लोकांसमोर, मोजून. रात्री त्यानं तोच पीस दुसऱ्या बोर्डावर लावला आणि सकाळपर्यंत लोडवर ठेवला. ३.८, एकदाही खाली नाही. त्यानं मला फोटो पाठवला. आण्णांना पाठवायची त्याची हिंमत झाली नाही. पुढे आण्णांनी दुसरीकडून बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलून घेतले, मशीन पळायला लागलं, आणि गल्लीत त्याचा अर्थ एकच निघाला: बघा, तो प्रोसेसरच खराब होता. पोरानं वापरलेला माल विकणं सोडलं. आता सीसीटीव्ही बसवतो. माझ्याशी बोलतो, पण कॉम्प्युटरचा विषय निघाला की गप्प होतो.

दहा वर्षांपूर्वीच्या मला हे पटलं नसतं. तो म्हणाला असता, खूण काढून ठेवायची, लग्नसराई निघाली असती, पोराचं नाव राहिलं असतं, बोर्ड गेलाच असता तर नंतर बघितलं असतं. कदाचित बोर्ड गेलाही नसता. यावर माझ्याकडे पाडून टाकणारं उत्तर नाही. लाल खूण दिसत असताना ती झाकून दुसऱ्याचं मशीन त्याच्या हातात द्यायचं, हे मला आजही जमणार नाही. पण त्या पोरानं मोजलेल्या नोटा आठवल्या की त्या जुन्या माणसाचं म्हणणं सरळ खोडूनही काढता येत नाही.

तोच जुना मी असंही छातीठोकपणे सांगायचा की प्रोसेसर सहसा मरत नाही. मग २०२४ मध्ये इंटेलनं स्वतःच मान्य केलं की तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे कायमची झीज होते. त्यावर नवा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा अपडेट, आणला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तेव्हापासून त्या पिढीचा वापरलेला माल मी विचारल्याशिवाय हातात घेत नाही. तरी लक्षात घ्या, तिथेही लोकांची तक्रार मशीन बंद पडण्याची, गेम कोसळण्याची होती. आणि २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन-स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या त्रुटी उघड झाल्यावर जे सुरक्षा अपडेट आले, त्यांनी ४७९० च्या वयाचे प्रोसेसर काही कामांत खरोखरच मंदावले, गिगाहर्ट्झचा आकडा तोच राहून. "आकडा बरोबर आहे, तरी पूर्वीसारखं वाटत नाही" असं कुणी म्हणालं तर मी त्याला वेड्यात काढत नाही.

म्हणून विनंती. पीस परत करायच्या आधी, विकणाऱ्याला काही बोलायच्या आधी, तो दुसऱ्या बोर्डावर लोड देऊन बघा. दुसरा बोर्ड नसेल तर माझ्याकडे या. पण नुसता प्रोसेसर डबीत घालून आणू नका, त्यावरून मला काहीच सांगता येत नाही. पूर्ण मशीन आणा, तोच बोर्ड, वीज देणारा तोच एसएमपीएस, तोच कूलर, जसंच्या तसं. आणि ज्यानं विकलाय त्यालाही सोबत आणा.