पडले नाही, बसले

लग्नात, बारशाला, सोसायटीच्या गच्चीवर, कुठेही गाठ पडली की प्रश्न ठरलेला. "तुम्ही त्या हाडांच्या अभ्यासात होतात ना? मग एकदाचं सांगून टाका, हाडांसाठी व्हिटॅमिन डी घ्यायचं की नाही? एक बातमी म्हणते घ्या, दुसरी म्हणते उपयोग नाही." परवा मामेबहिणीने तर फोनवर जवळजवळ भांडणच काढलं, "इतकी वर्षं मोजताय तरी काय तुम्ही लोक?" तर विचारलंत म्हणून सांगते. मोजण्याचीच गोष्ट आहे ही.

मी संशोधक नव्हते. घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांची मोजमापं घ्यायची, एवढंच माझं काम. हाताच्या पकडीचा जोर, खुर्चीतून पाच वेळा उठायला लागणारा वेळ आणि 'या महिन्यात किती वेळा पडलात' याची नोंद. ऐकायला सोपं वाटतं. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका आजींना मी विचारलं, "पडलात का हो?" "नाही गं बाई." आतून सून म्हणाली, "आई, परवा मोरीत?" आजी फणकारल्या, "ते पडले नव्हते, बसले होते. भिंत धरून बसले."

नियमाप्रमाणे माणूस नकळत जमिनीवर किंवा खालच्या पातळीवर टेकला की ते पडणंच. मी तशी नोंद केली, तर आजी माझ्यावर चिडल्या. मुलाला कळलं तर तो एकटीला देवळात जाऊ देणार नाही, ही खरी भीती होती. अशा किती घरांत सून आत नसेल, आणि किती जणी 'बसल्या' असतील? शिवाय रोजच्या नोंदीची वही. महिनाअखेरीला मी जायचे तेव्हा सगळ्या तारखांच्या चौकोनांत एकाच पेनाने, एकाच बैठकीत ठोकलेल्या फुल्या असायच्या. खुर्चीची चाचणी तर विचारूच नका. दुसऱ्या खेपेला आजींचा वेळ सुधारला, कारण मधल्या काळात त्यांनी सराव केला होता. नातू सेकंद मोजायचा.

हे झालं स्नायूंचं. रक्तातल्या डीचा आकडा तरी पक्का असेल असं वाटतं ना? एकदा मी माझंच रक्त एकाच वेळी दोन नळ्यांत काढून दोन लॅबना दिलं. एकीकडून 17 आलं (मिलिलिटरमागे नॅनोग्रॅम), दुसरीकडून 24. एकीच्या रिपोर्टवर 'कमी' म्हणणारा लाल बाण, दुसरीच्या नाही. लॅबवाले फसवत नव्हते. काही यंत्रं प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडींच्या) मदतीने मोजतात, काही वजनावरून रेणू ओळखतात, आणि दोन्हींचा हिशेब जुळतोच असं नाही. म्हणून 1989 पासून लॅबचे आकडे ताडून पाहणारी एक आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे, आणि 2010 मध्ये मोजमाप प्रमाणित करण्याचा वेगळा कार्यक्रम सुरू करावा लागला. त्याआधीच्या कित्येक अभ्यासांतले आकडे एकमेकांशेजारी ठेवताना हात आखडताच घ्यावा लागतो.

बरं, आकडा खरा धरला तरी 'कमी' कशाला म्हणायचं? अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2010 मध्ये सांगितलं की बहुतेकांना 20 पुरतं. पुढच्याच वर्षी तिथल्याच एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांच्या संघटनेने, 30 हवं म्हटलं. 2024 मध्ये त्याच सोसायटीने 30 चा आग्रह सोडला आणि निरोगी माणसांची सरसकट तपासणी करू नका असंही सांगितलं. मधल्या तेरा वर्षांत तुमच्या-आमच्या घरात किती लाल बाण आले असतील!

पण माझं खरं गाऱ्हाणं वेगळं आहे. मोठे प्रयोग बहुतेक ज्यांच्या अंगात डी आधीच पुरेसं आहे अशांवर झाले. अमेरिकेतल्या व्हायटल प्रयोगात 25,871 माणसं होती. रोज 2,000 युनिट, पाचेक वर्षं. 2022 मध्ये निकाल आला: फ्रॅक्चर कमी झाले नाहीत. पण सुरुवातीलाच त्यांची सरासरी पातळी 30 च्या आसपास होती, आणि तुलनेसाठी खोटी, डी नसलेली गोळी घेणाऱ्या गटालाही स्वतःहून रोज 800 युनिटपर्यंत घ्यायची मुभा होती. भरल्या घागरीत पाणी ओतून 'वाढलं नाही' म्हणायचं, आणि मग हेडलाइन द्यायची! उलट 1992 मध्ये निकाल आलेल्या प्रयोगात फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांतल्या 3,270 बायकांपैकी निम्म्यांना रोज 800 युनिट आणि कॅल्शियम दिलं, सरासरी वय 84, तिथे खुब्याची फ्रॅक्चर बरीच घटली. त्यात डीचं श्रेय किती आणि कॅल्शियमचं किती, ते मात्र वेगळं काढता येत नाही. रॉबर्ट हीनी या अमेरिकन संशोधकाने 2014 मध्ये लिहून ठेवलं होतं की पोषकद्रव्याचा प्रयोग कमतरता असलेल्यांवरच करा. पण ज्याचं डी अगदी तळाला आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, त्याला वर्षानुवर्षं खोटी गोळी कुठल्या तोंडाने द्यायची?

आणि जास्त दिलं म्हणजे जास्त गुण, हेही नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या बायकांना वर्षातून एकदाच 5 लाख युनिट दिले. 2010 मध्ये कळलं, त्या जास्त पडल्या आणि फ्रॅक्चरही जास्त झाले. आपल्याकडे डीची 60,000 युनिटची पुडी दुधात टाकून आठवड्याला एक घेतात, ती डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे संपल्यावरही चालूच राहते. पेठेतल्या त्या आजींच्या फडताळात मी अशी पुडी पाहिली. मुलाने आणून दिलेली. 'औषध काही चालू आहे का' या माझ्या प्रश्नाला त्या दर खेपेस "काही नाही" म्हणायच्या. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच, दुधातली पावडर होती.

एवढं सगळं मी मामेबहिणीला सांगितलं. ती 52 वर्षांची, रोज सकाळी हनुमान टेकडी चढते. तिची आई, म्हणजे माझी मामी, 84 ची, दोन वर्षांत जिना उतरलेली नाही. मी म्हटलं, मामी त्या फ्रान्समधल्या बायकांच्या जवळची, तिचं डॉक्टरांना आजच विचार. तुझं नातं व्हायटलवाल्यांशी.

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "म्हणजे मी घेऊ की नको?"