फळीचं मागचं टोक

आमच्या घरात टीव्हीच्या आवाजावरून रोज तह होतो आणि रोज मोडतो. बाबांचं कानाचं मशीन बहुतेक वेळा शर्टाच्या खिशात असतं, त्यामुळे बातम्या आधी शेजाऱ्यांना कळतात. तह न करता आम्ही पाहिलेला एकच सिनेमा, 'द प्लँक'. १९६७ चा, ब्रिटिश, तासाभराचाही नाही.

गोष्ट एवढीशी. दोघं सुतार घर बांधतायत, जमिनीला एक फळी कमी पडते, ती वखारीतून आणायची. एरिक साइक्स आणि अगडबंब टॉमी कूपर हे दोन विनोदी नट ती लांबलचक फळी चिमुकल्या गाडीच्या टपावर टाकून निघतात. वाटेत ती कुणाकुणाला लागते, हाच सिनेमा. मूकपट नाही हं हा! आपटण्याचे, फुटण्याचे आवाज आहेत, हुंकार आहेत, पुटपुटणं आहे. फक्त संवाद नाहीत.

पुढचा माणूस वळला की मागचं टोक कुठे जाणार, हे आपल्याला दिसत असतं आणि त्याला नसतं. लग्नघरात मांडवाचा बांबू जिन्यावरून नेताना ज्यानं पाहिलाय, त्याला हे समजायला इंग्रजी कशाला लागतंय?

गंमत म्हणजे सिनेमा लिहिणारे-दिग्दर्शित करणारे साइक्स मूळचे रेडिओचे लेखक. त्यातही एका बोलक्या बाहुलीवाल्याच्या कार्यक्रमाचे. रेडिओवर शब्दभ्रमकार! ओठ हलले तरी पकडणार कोण? पुढे साइक्सना ऐकू येईनासं होत गेलं. त्यांच्या त्या जाड चष्म्याला काचा नव्हत्याच. हाडावाटे आवाज पोचवणारं यंत्र त्याच्या फ्रेममध्ये बसवलेलं होतं. १९६९ मध्ये त्यांनी 'रूबार्ब' काढला, त्यात सगळी पात्रं 'रूबार्ब' हा एकच शब्द बोलतात. तिकडे नाटकातल्या गर्दीनं कुजबुजायचं असलं की हाच शब्द पुटपुटतात म्हणे.

बाबांना मी हे चष्म्याचं ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "मशीन चष्म्यात असतं तर हरवलं नसतं." म्हणजे ते त्या दिवशी खिशातही नव्हतं.

पण एक पाहिलं. ते माझ्या आधी हसतात. अगदी निमिषभर आधी. माझे कान अजून कुणीतरी काही बोलेल म्हणून थांबलेले असतात, त्यांची नजर माणसाच्या खांद्यावर असते. खांदा वळला की ते खुदकन.

परवा पुन्हा लावला. टॉमी कूपर फळी घेऊन वळायला लागला, तसा बाबांनी टीपॉयच्या कडेचा चहाचा कप अलगद आत सरकवला.