लेमन तूर, रंगून आणि सिंगापूर

वाशीच्या दाणा मार्केटात तुरीचा भाव विचारा, समोरचा आधी विचारणार देशी की लेमन. लेमन म्हणजे बर्माची, आताच्या म्यानमारची, तूर. उडीद तर आपण बाहेरून आणतो तो बहुतेक तिथलाच, त्यामुळे मुंबईत कुठल्याही उडप्याकडे मेदूवडा खाल्लात तर त्यात बर्मा असण्याचा बराच चान्स आहे. 2021 मध्ये आपल्या सरकारने त्यांच्याशी तसा करारच केला, पाच वर्षं दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर आणायची म्हणून. आणि यातले कितीतरी सौदे होतात ते सिंगापूरच्या ट्रेडिंग कंपन्यांमार्फत. शेत बर्मातलं, खाणारे आपण, आणि इन्व्हॉइस सिंगापूरचं, जिथे तुरीचं एक शेत नाही.

मी फोर्टात एका फ्रेट फॉरवर्डरकडे, म्हणजे लोकांचा माल जहाजाने पाठवून देणाऱ्या कंपनीत, डॉक्युमेंटेशन बघतो, दिवसभर बीएल (जहाज कंपनीची मालाची पावती), शिपिंग बिल, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन हेच चालू असतं, त्यामुळे रंगून (आता यांगोन, पण मला जुनंच तोंडात बसलंय) आणि सिंगापूर ही दोन्ही नावं सतत समोर येतात. आणि हल्ली जो तो म्हणतो ना की आपल्याला बाहेरच्यांची गरजच काय, दारं लावून घ्या, आपलं आपण पिकवू आपलं आपण खाऊ, तेव्हा मला वाटतं या दोन शहरांची गोष्ट एकदा नीट लिहून काढावी, कारण एका देशाने खरोखर दारं लावून बघितली आहेत आणि ती लावताना त्याच्याकडे सगळं होतं.

सगळं म्हणजे खरंच सगळं. दुसऱ्या महायुद्धाआधी जगात सगळ्यात जास्त तांदूळ एक्सपोर्ट करणारा देश बर्मा होता, वर्षाला 30 लाख टनांच्या आसपास. साग, तेल, मोगोकचं माणिक. चांगलं विद्यापीठ. 1961 मध्ये युनोचा सरचिटणीस झालेला ऊ थांट बर्माचाच. सिंगापूरकडे यातलं काय होतं तर बंदर. मात्र ते मासेमारीचं गाव होतं आणि एकदम जादू झाली हे जे फॉरवर्ड फिरतं ते साफ चुकीचं आहे, 1819 पासून तो इंग्रजांचा फ्री पोर्ट होता आणि 1960 मध्येसुद्धा माणशी उत्पन्नात रंगूनच्या पुढेच होता. पण प्यायचं बरंचसं पाणी शेजारच्या मलेशियातल्या जोहोरहून, आणि 1965 च्या ऑगस्टमध्ये मलेशियातून वेगळं व्हावं लागलं तेव्हा त्यांचा पंतप्रधान टीव्हीवर रडला होता. लोकांनी पैज लावायची म्हटली असती तर रंगूनवर लावणारे कमी नसते.

आता बर्माने दारं का लावली हे समजून घेतल्याशिवाय त्यांना शिव्या घालणं मला पटत नाही. आणि यात आपली मुंबई थेट येते. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही 1863 मध्ये इथे मुंबईत निघालेली कंपनी, मालक इंग्रज, धंदा वरच्या बर्मातला साग तोडायचा. राजाच्या दरबाराचं म्हणणं पडलं की कंपनी ओंडके कमी दाखवते आणि पैसे बुडवते, त्यांनी मोठा दंड ठोकला, आणि इंग्रजांनी तेवढंच निमित्त करून 1885 च्या नोव्हेंबरमध्ये फौज घुसवली, दोन आठवड्यांत मंडाले पडलं आणि थिबा राजाला उचलून आणला तो आपल्या रत्नागिरीत. 1916 मध्ये तिथेच गेला बिचारा. थिबा पॅलेस बघायला सगळे जातात, समोर फोटो काढतात, पण तो माणूस तिथे एका मुंबईच्या कंपनीच्या लाकडाच्या बिलावरून पोचला हे फार कमी जणांना माहीत असतं. (आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक नंतर सहा वर्षं मंडालेच्या तुरुंगात, राजा इकडे आणि लोकमान्य तिकडे.)

पुढचं तर अजून वाईट. तांदळाचा धंदा वाढला तो कर्जावर, कर्ज देणारे बहुतेक तमिळ चेट्टियार, 1930 नंतर भाव कोसळले आणि 1938 पर्यंत खालच्या बर्मातल्या मुख्य भातपट्ट्यातली जवळपास पाव जमीन चेट्टियारांकडे गेली. रंगूनमध्ये निम्म्याहून जास्त माणसं हिंदुस्थानातली. विचार करा, आपल्याच राजधानीत आपण कमी, दुकान दुसऱ्याचं, शेत सावकाराचं, गिरणी गोऱ्याची. अशा माणसाला व्यापार म्हणजे लूट वाटली तर त्यात नवल काय. मुंबईत राहून ही भावना ओळखू येत नाही असं कोण म्हणेल?

तर 2 मार्च 1962 ला जनरल ने विनने सत्ता घेतली आणि म्हणाला आता समाजवादाचा आमचा बर्मी मार्ग. 1963 मध्ये बँका सरकारी झाल्या, 1964 मध्ये दुकानं, आणि त्या काळात लाखोंनी भारतीय हाकलले गेले, पिढ्यांची कमाई तिथेच टाकून बोटीत बसले. टुरिस्टला आधी 24 तासांचा व्हिसा, नंतर उदार होऊन सात दिवसांचा. परदेशी कंपन्या बाद. 1979 मध्ये तर अलिप्त राष्ट्र चळवळीतूनसुद्धा हे बाहेर पडले, म्हणजे अलिप्त लोकांपासूनही अलिप्त.

आणि मग काय झालं, देश स्वतःच्या पायावर उभा राहिला का? सरकारी दुकानात माल येईना. साबण, औषधं, सायकलचे टायर, कापड, सगळं थायलंडच्या हद्दीवरून चोरून यायला लागलं. आपल्याकडे जुन्या लोकांना मनीष मार्केट आणि मुसाफिरखान्यातला फॉरेनचा माल आठवत असेल, तसंच, फक्त पूर्ण देशाचा संसार त्याच्यावर. सात दिवसांच्या व्हिसावर येणारे टुरिस्ट बँकॉकच्या ड्युटी फ्रीमधून जॉनी वॉकरची बाटली आणि 555 सिगारेटचं कार्टन घेऊन यायचे आणि रंगूनला उतरल्या उतरल्या विकून टाकायचे, त्यावर त्यांचा आठवड्याचा बराचसा खर्च निघायचा. आणि हे तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, की हद्दीवर ज्या वाटांनी माल यायचा त्या वाटा तिथल्या करेन जमातीच्या बंडखोरांच्या ताब्यात होत्या, त्यांनी तिथे नाकी लावून त्या मालावर टॅक्स गोळा केला आणि त्या पैशाने सरकारशीच लढाई चालवली. म्हणजे बघा, जे कस्टम ड्युटी म्हणून रंगूनच्या तिजोरीत यायचं ते बंदीमुळे सरकारच्या शत्रूला गेलं. बंदीने व्यापार थांबला नाही, त्याचा मालक बदलला.

नोटांचं तर काय सांगू. 5 सप्टेंबर 1987 ला सरकारने जाहीर केलं की 25, 35 आणि 75 क्यातच्या नोटा आजपासून रद्द. बदलून मिळणार नाहीत. आपण 2016 मध्ये बँकेच्या लायनीत उभे होतो, हाल झाले, पण नोटा भरता तरी आल्या, तिथे तेही नाही, चलनातला निम्म्याहून जास्त पैसा एका घोषणेत कागद झाला. बदल्यात 45 आणि 90 च्या नोटा काढल्या, कारण 9 हा आकडा ने विनला शुभ होता. भात विकून उशाशी पैसे ठेवलेला शेतकरी, फी भरायला आलेला विद्यार्थी, यांनी काय करायचं? त्याच डिसेंबरमध्ये एके काळच्या या तांदळाच्या राजाला युनोने सगळ्यात मागास देशांच्या यादीत टाकलं. पुढच्या ऑगस्टमध्ये लोक रस्त्यावर आले आणि सैन्याने गोळ्या घातल्या.

आणि या सगळ्यात खुद्द ने विन मात्र लंडन, व्हिएन्नाला उपचाराला जात होता. नंतरचे सेनाधिकारी सिंगापूरला जायचे, 2007 मध्ये पंतप्रधान सो विन आजारी पडला तेव्हा उपचार सिंगापूरच्याच हॉस्पिटलात झाले. मला याचा राग येतो आणि तो लपवायचं काही कारण दिसत नाही. दार बंद असतं ते भात लावणाऱ्याला, किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला ते कधीच बंद नसतं.

सिंगापूरचं मला कौतुक कशाचं वाटतं तर श्रीमंतीचं नाही, ते दरवेळी दुसऱ्याच्या गरजेचा विचार आधी करतात याचं. 1968 च्या सुरुवातीला इंग्रजांनी सांगितलं की आम्ही आमचे लष्करी तळ हलवतोय, ज्या तळांवर देशाचा साधारण पाचवा हिस्सा कमाई अवलंबून होती. त्याच सुमारास हे लोक वर्ल्ड बँकेचं कर्ज घेऊन कंटेनर टर्मिनल बांधायला निघाले, तेव्हा युरोप ते पूर्व आशिया कंटेनरची जहाजं धड सुरूसुद्धा झाली नव्हती. 23 जून 1972 ला रॉटरडॅमहून निहोन नावाचं पहिलं जहाज 300 कंटेनर घेऊन तांजोंग पागारला लागलं. आपलं न्हावाशेवा सुरू झालं 1989 मध्ये, सतरा वर्षं नंतर. आज सिंगापूर वर्षाला 4 कोटींच्या वर टीईयू (वीस फुटी कंटेनरच्या मापाने मोजणी) हाताळतं आणि त्यातला बहुतेक माल त्यांचा नाहीच, इकडून उतरवायचा आणि तिकडच्या जहाजावर चढवायचा. मी इथून ऑस्ट्रेलियाचा बॉक्स पाठवला की ट्रॅकिंगवर दिसतं डिस्चार्ज्ड सिंगापूर, मग काही दिवसांनी लोडेड, जहाजाचं नाव बदललेलं, सील तेच. मधे कोणी बॉक्स उघडत नाही, कोणाचा फोन येत नाही, चहापाण्याचा विषय नाही. त्या एका ओळीसाठी जगभरची माणसं त्यांना पैसे देतात.

आणि हे टिकवायला रोज झटावं लागतं. 2000 मध्ये मर्स्क लाइन शेजारच्या जोहोरमधल्या तांजुंग पेलेपासला निघून गेली, दोन वर्षांनी एव्हरग्रीन गेली, आणि सिंगापूरने त्यावर बंदी घातली नाही की देशद्रोही म्हटलं नाही, दर कमी केले, कामगार कमी केले, परत उभे राहिले. कामगार कमी केले हे मी सहज लिहून गेलो पण ती माणसं होती, आपल्या गोदीतल्या कामगारांचं कंटेनर आल्यावर काय झालं ते शिवडी-माझगावच्या जुन्या चाळींत विचारा. शिवाय तिथले पेपर सरकारला घाबरून असतात, 1963 मध्ये शंभराहून जास्त विरोधक, युनियनवाले एका धाडीत आत टाकले, काही वर्षानुवर्षं आतच राहिले. मला तसा देश नको आहे. पण त्याच सरकारने दहातल्या जवळपास आठ कुटुंबांना सरकारी बिल्डिंगमध्ये घर दिलं, त्यातलं बहुतेकांचं स्वतःच्या मालकीचं, हेही खरं, आणि मुंबईत भाडं भरताना ते मनात येतंच.

उघड्या दाराचा त्रासही असतो. 2022 च्या जूनमध्ये मलेशियाने कोंबडी पाठवणं बंद केलं आणि सिंगापूरची चिकन राईसची दुकानं अडचणीत आली, त्यांची साधारण एक तृतीयांश कोंबडी तिकडूनच यायची. त्यांनी काय केलं, ब्राझीलची फ्रोझन वाढवली, नवे देश शोधले. 2023 मध्ये आपण तांदळाच्या एक्सपोर्टवर बंदी घातली तेव्हा दिल्लीशी बोलून स्वतःपुरती सूट मिळवली.

आणि आता आपला कांदा. 7 डिसेंबर 2023 चं नोटिफिकेशन, दुसऱ्या दिवसापासून एक्सपोर्ट बंद. जो माल कस्टमच्या ताब्यात गेला होता तो सुटला, पण जो लासलगाव-पिंपळगावहून निघून वाटेत होता, रीफर (थंड कंटेनर) भरून गेटच्या बाहेर उभा होता, त्याचं काय? एक एक्सपोर्टर आमच्या ऑफिसात बसून होता, 28 टन कांदा, रीफरचं भाडं आणि प्लग-इनचे चार्जेस चालू, दुबईचा बायर फोनवर विचारतोय शिप केलं का. तो काहीच बोलला नाही, फक्त शिपिंग बिलाची कॉपी परत परत उघडून बघत होता. शेवटी माल परत नाशिकला, निम्म्या भावात. मार्चमध्ये बंदी वाढवली, मग एप्रिलमध्ये गुजरातच्या 2000 टन पांढऱ्या कांद्याला परवानगी आली आणि नाशिकमध्ये लोक खवळले, ते बरोबरच होतं. सरकारने एका सहकारी संस्थेमार्फत काही देशांना ठरावीक कोटाही पाठवला. बंदी उठली 4 मे 2024 ला, 40 टक्के ड्युटी लावून. तोवर आपले बायर पाकिस्तान, इजिप्त, चीनचा कांदा घ्यायला लागले होते.

आपण बर्मा नाही, होणारही नाही, मला तशी भीती दाखवायची नाही. इथे भाव वाढले की गरिबाच्या ताटातला कांदा जातो हे मलाही कळतं, त्यासाठी ड्युटी लावा, बफर स्टॉक काढा. पण बंदी घालायचीच असेल तर निदान 30 दिवस आधी सांगा, ज्या मालाची एलसी (बायरच्या बँकेची पैशाची हमी) उघडली आहे आणि ज्याचा सौदा नोटिफिकेशनच्या आधीचा आहे तो जाऊ द्या, आणि सूट द्यायची तर नाशिक आणि गुजरातला एकाच दिवशी, एकाच नियमाने द्या. त्या एक्सपोर्टरने यंदा कांदा सोडून द्राक्षं धरली आहेत, दुबईचा बायर अजून त्याला कांद्याचा भाव विचारत नाही.