तुम्ही विचारलंत म्हणून: उबंटूची जागा वाढवताना डेटा जातो का?

‘मॅडम, विंडोज आहे तसं राहू दे, उबंटूला थोडी जागा वाढवायची आहे. डेटा जाणार नाही ना?’

कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे हा प्रश्न मला दर पावसाळ्यात विचारला जातो. तिसऱ्या वर्षाचे प्रोजेक्ट सुरू झाले की विंडोजशेजारी उबंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकलेले लॅपटॉप घेऊन मुलं दारात उभी. जागा संपली, असं मात्र कुणी सांगत नाही. ‘पासवर्ड बरोबर टाकते, तरी परत लॉगिनच समोर येतं’ अशी तक्रार येते. उबंटूला दिलेली जागा शंभर टक्के भरली की त्याला स्वतःच्या तात्पुरत्या फायली लिहायलाही जागा उरत नाही, आणि ते दारातूनच परत पाठवतं. मूल घाबरतं, कुणीतरी सांगतं की पार्टिशन, म्हणजे डिस्कचा उबंटूला दिलेला तुकडा, वाढव, आणि मग वरचा प्रश्न.

मी आधी झाडलोट करायला लावते. जुने सिस्टिम लॉग, स्नॅपच्या मागच्या आवृत्त्या, ॲप्टने उतरवून ठेवलेली पॅकेजं, डॉकरच्या कधीकाळी आणलेल्या इमेजेस, कचरापेटी. पुष्कळ जणांचे दहा-पंधरा जीबी इथेच सुटतात आणि प्रश्न मिटतो. ज्यांचा मिटत नाही त्यांच्यासाठी पुढचं लिहिते आहे.

एक नेहमी दिसणारा लॅपटॉप घ्या. एसएसडी ५१२ जीबीची, पण विंडोज ४७६ दाखवतं. कुणी चोरलेले नसतात ते ३६. कंपनी हजारच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या पटीत, एवढाच फरक. या डिस्कवर सुरुवातीला बूटसाठी लागणारं १०० एमबीच्या आसपासचं ईएफआय पार्टिशन असतं, मग विंडोजने राखलेला १६ एमबीचा तुकडा, मग मोठा सी ड्राइव्ह, आणि शेवटी काहीशे एमबींचं रिकव्हरी पार्टिशन. पहिल्यांदा उबंटू टाकताना सी लहान केलेला असतो, त्यामुळे उबंटू जाऊन बसतं सी आणि रिकव्हरी यांच्या मध्ये. साधारण ५० जीबी दिलेले असतात. तेव्हा ते भरपूर वाटतात.

आता सी मध्ये २०० जीबी रिकामे आहेत आणि उबंटू घुसमटलं आहे. इथलं काढून तिथं द्यायचं, असं सगळ्यांना वाटतं. माझं माहेर शेतकऱ्यांच्या गावातलं, त्यामुळे मी हे नेहमी जमिनीच्या भाषेत सांगते, आणि मुलांना ते लगेच कळतं, कारण निम्म्यांच्या घरी वाटणीचा वाद कधी ना कधी झालेला असतो.

डिस्कच्या सुरुवातीला पार्टिशन टेबल असतं. तो डिस्कचा सातबारा समजा. कुठला तुकडा कुठून कुठपर्यंत आणि कशासाठी, एवढंच त्यात लिहिलेलं. आताच्या जीपीटी पद्धतीत त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते, ही फार शहाणपणाची सोय आहे. पण कागदावरचा बांध वेगळा आणि रानातला बांध वेगळा. रानातला बांध म्हणजे फाइल सिस्टिम, तुकड्याच्या आत प्रत्यक्ष पीक जिथवर आहे ती हद्द. तुकडा लहान करायचा तर आधी पीक आत घ्यायचं आणि मग कागद बदलायचा. मोठा करायचा तर आधी कागद, मग नांगर. हा क्रम उलटा झाला की फायली हद्दीबाहेर राहतात. जीपार्टेडसारखी साधनं हा क्रम स्वतः सांभाळतात. हाताने कमांड देणाऱ्याने तो स्वतः सांभाळायचा असतो.

दुसरी गोष्ट लगतची. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात. डिस्कवरच्या तुकड्याला दोनच सीमा असतात, मागची आणि पुढची. तुकडा वाढवायचा तर मोकळी जमीन लगतच हवी, मध्ये दुसऱ्याचं रान चालत नाही. पुढच्या बाजूला मोकळी जागा असेल तर काम सोपं असतं, शेवटचा बांध पुढे सरकतो आणि आतलं काही हलत नाही. ईएक्सटी४ ही उबंटूची नेहमीची फाइल सिस्टिम तर चालू असतानाच पुढे वाढवता येते. लहान करताना मात्र ती बंदच असावी लागते.

आणि आपल्या लॅपटॉपवर नेमकं उलटं झालेलं असतं. सी लहान केला की मोकळी जागा त्याच्या शेवटाला निघते, म्हणजे उबंटूच्या मागे. उबंटूची सुरुवात मागे न्यायची तर त्यातला सगळा डेटा उचलून मागे मांडत यावं लागतं. घराला एक खोली वाढवायची म्हणून अख्खं घर पायासकट वीस फूट सरकवण्यासारखं आहे हे. जीपार्टेडच्या खिडकीत मात्र दोन्ही कामं सारखीच दिसतात. रंगीत पट्टीचं एक टोक माउसने ओढायचं, बस. उजवं टोक ओढलं तर क्षणाचं काम, डावं ओढलं तर तासांचं. डावं टोक हलवताना जीपार्टेड इशारा देतो, पण तो वाचायचीही कुणाला सवय नसते.

म्हणून माझं उत्तर बहुतेकांना वेगळं वाटतं: उबंटू हलवूच नका. सी लहान करून जी जागा निघेल, तिथे ईएक्सटी४चा नवा तुकडा करा आणि तो उबंटूत एका फोल्डरला जोडून घ्या. डेटासेट, व्हर्च्युअल मशीन, व्हिडिओ, जे काही मोठं आहे ते तिकडे न्या. जुन्या तुकड्याला हातही लागत नाही, त्यामुळे त्यातलं काही जायचा प्रश्न उरत नाही. एकाच गटात सलग जमीन असावी ही हौस मला कळते, पण संगणकाला त्याचं काही पडलेलं नसतं. जोडणी कायम राहावी म्हणून एफएसटॅब फाइलमध्ये, म्हणजे कुठला तुकडा कुठे जोडायचा त्या यादीत, तुकड्याचा यूयूआयडी हा ओळख क्रमांक लिहायचा आणि सोबत ‘नोफेल’ हा पर्याय द्यायचा, म्हणजे उद्या तो तुकडा सापडला नाही तरी उबंटू सुरू होताना अडून बसणार नाही. नव्या तुकड्यात लिहिता येत नाही म्हणून मुलं दुसऱ्या दिवशी परत येतात. तो तुकडा रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्याच्या, नावावर असतो, मालकी आपल्या नावावर करून घ्यायची. आणखी एक बारीक गोष्ट: ईएक्सटी४ पाच टक्के जागा रूटसाठी राखते. ८० जीबीच्या तुकड्यात ते ४ जीबी होतात. नुसत्या डेटासाठीच्या तुकड्यात ही राखीव जागा एक टक्क्यावर आणली तरी चालते.

सी लहान करायचा तो विंडोजमधूनच, डिस्क मॅनेजमेंटमधून. जीपार्टेडला एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम लहान करता येते, चांगली येते, तरी मी सांगते की ज्याचं रान त्यालाच मोजू द्या. त्याला कारण आहे. आजकाल पुष्कळ लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असतं आणि मालकाला ते ठाऊकही नसतं. असा कुलूपबंद तुकडा जीपार्टेडला लहान-मोठा करता येत नाही, विंडोजला येतो. शिवाय पेनड्राइव्हवरून बूट करण्यासाठी बायॉसमध्ये सिक्युअर बूटसारखं काही बदललं, तर पुढच्या वेळी विंडोज ते कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती की आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून शोधून कागदावर लिहून ठेवल्याशिवाय मी लॅपटॉपला हात लावत नाही. मुलं म्हणतात, फोनमध्ये फोटो काढलाय. मी तरी कागदावर लिहायला लावते.

मग अडतं ते इथे. २०० जीबी रिकामे असताना विंडोज म्हणतं, जास्तीत जास्त १२ जीबीच कमी होतील. मुलांना वाटतं विंडोज मुद्दाम अडवतंय. खरं कारण असं की काही फायली चालू विंडोजला जागच्या हलवता येत नाहीत: पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, सिस्टिम रिस्टोअरच्या नोंदी, एनटीएफएसच्या स्वतःच्या याद्या. यातली एखादी रानाच्या पार टोकाला बसली असेल, तर तिच्या अलीकडे बांध आणता येत नाही. हायबरनेशन, पेजफाइल आणि सिस्टिम रिस्टोअर तात्पुरतं बंद करून, रीस्टार्ट करून पुन्हा पाहिलं की आकडा बहुधा वाढतो. तरीही अडलं तर इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाची नोंद शोधा, अडवणाऱ्या शेवटच्या फाइलचं नाव तिथे लिहिलेलं असतं. काम झालं की पेजफाइल आणि रिस्टोअर परत चालू करायला विसरू नका.

फास्ट स्टार्टअप मात्र बंदच ठेवा. विंडोज ८पासून शटडाउन म्हणजे पुरतं शटडाउन नसतं. विंडोज अर्धवट झोपतं आणि सीवरचं काम उघडंच राहतं, म्हणून लिनक्स त्या तुकड्यात लिहायला नकार देतं. तो नकार योग्यच आहे. गंमत म्हणजे रीस्टार्ट केलं तर विंडोज पूर्ण बंद होऊन सुरू होतं.

आता डावं टोक हलवण्याविषयी मी इतकं का बोलते, ते सांगते. माझे वडील पाटण तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकाची नोंद ते रोज सकाळी वहीत करायचे, १९७८ ते २००३. वर्षाला एक, अशा २६ वह्या. पावसाचे मिलिमीटर, आणि शेजारी एखादी ओळ: ओढ्याला पाणी आलं, भात आडवं झालं, आज शाळेत सातच मुलं. २०१२च्या दिवाळीत मी त्या सगळ्या स्कॅन केल्या. पान फाटू नये म्हणून प्रत्येक वही हातात धरून, तीन आठवडे.

२०१३च्या मे महिन्यात मी माझ्या लॅपटॉपवर लिनक्सचं पार्टिशन मागे वाढवायला घेतलं. साधी ५०० जीबीची हार्ड डिस्क होती. बॅटरी फुगली म्हणून काढून ठेवलेली, लॅपटॉप थेट चार्जरवर. काम चार तास दाखवत होतं. दीड-दोन तासांनी वीज गेली. परत आली तेव्हा डेटाचा सुरुवातीचा भाग नव्या जागी होता, उरलेला जुन्या जागी, आणि कुठपर्यंत आलं होतं तो नेमका आकडा माझ्याकडे नव्हता. टेस्टडिस्कने मला हरवलेले बांध शोधून दिले. पण बांध सापडून काय उपयोग, आतलं रानच दुभंगलेलं. हाती लागलेल्या बहुतेक फायली उघडल्या नाहीत. स्कॅनची दुसरी प्रत मी कुठेच ठेवली नव्हती.

वह्या आहेत की, असं मनाला समजावत गावी गेले. माळ्यावरची लाकडी पेटी उघडली तर वाळवी. चार वह्या गेलेल्या. १९८३ ते १९८६. तेव्हा वडील होते. त्यांनी मला एक शब्द बोलला नाही, उरलेल्या वह्या उन्हात मांडल्या.

म्हणून ज्यांना डावं टोक हलवल्यावाचून गत्यंतरच नाही, त्यांच्याकडून मी आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप करून घेते आणि त्यातली एखादी फाइल समोर उघडून बघते. नुसता कॉपी झाल्याचा संदेश मला पुरत नाही. मग लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे डिस्कवरचं उबंटू न उठवता पेनड्राइव्हवरच्या उबंटूने, बूट, बॅटरी पूर्ण भरलेली आणि तरी चार्जर लावलेला, झाकण मिटलं तरी लॅपटॉप झोपणार नाही अशी सेटिंग. पार्टिशनशेजारी किल्लीचं चिन्ह दिसलं तर ते वापरात आहे, स्वॅप (मेमरी भरली की वापरायची डिस्कवरची जागा) असेल तर आधी स्वॅपऑफ करून ते बंद करायचं. एका वेळी एकच काम, आणि ते संपल्यावर जीपार्टेडचा तपशील जतन करायचा. एनव्हीएमई या वेगवान एसएसडीवर ५० जीबी हलायला मी अर्ध्या तासाहून कमी वेळ लागलेला पाहिला आहे, जुन्या फिरत्या डिस्कवर दुपार जाते. कितीही वेळ लागला तरी मध्येच रद्द करायचं नाही. यूयूआयडी तोच राहतो, म्हणून यूईएफआय पद्धतीने बूट होणाऱ्या लॅपटॉपवर ग्रब, म्हणजे उबंटू सुरू करून देणारा प्रोग्रॅम, सहसा बिनतक्रार उठतो. स्वॅप पुसून नवं केलं असेल तर त्याचा यूयूआयडी बदलतो, आणि सुरू होताना उबंटू दीड मिनिट जुन्याची वाट बघत थांबतं. एफएसटॅबमध्ये नवा क्रमांक लिहिला की ते थांबणंही संपतं.

शनिवारी दुपारी प्रयोगशाळा उघडी असते. येताना बाहेरची डिस्क आणा, रिकव्हरी की कागदावर लिहून आणा, आणि चार्जर आणा. कुठल्या फायली पुन्हा मिळणार नाहीत, त्यांची नावं येतानाच आठवून या. आपण त्यांच्यापासून सुरुवात करू.