तुम्ही विचारलंत म्हणून: डायलिसिस आणि टाळ

'यजमानांचं डायलिसिस चालू असताना तुम्हाला भजनाला जायला सुचतं तरी कसं हो?' लिफ्टमध्ये, लग्नात, भाजीवालीपाशी, मला कुठेही हे विचारलं जातं. काहींच्या आवाजात टोमणा असतो, त्यांना मी हसून टाळते. काही जण मात्र स्वतः कुणाच्या तरी आजारपणात अडकलेले असतात आणि त्यांना खरंच उत्तर हवं असतं. हे त्यांच्यासाठी.

आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास मशीन. तो दिवस त्या मानाने सोपा, तिथे नर्स असतात. अवघड जातात ते मधले दिवस. सकाळी हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून केलेल्या जागेवर, बोटं ठेवून थरथर लागते का बघायचं, वजनकाट्यावर उभं करायचं, पाण्यावर मर्यादा, म्हणून दिवसभराचं पाणी बाटलीत मोजून ठेवायचं. त्यात चहा आणि आमटीसुद्धा धरायची. भेटायला येणारे प्रेमाने शहाळी आणतात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, ते यांना चालत नाही. पण तोंडभर हसून घ्यायची आणि पाहुणे गेले की वॉचमनला द्यायची.

मुलाने फोनवर ध्यानाचं अ‍ॅप घालून दिलं होतं. कुणाला त्याचा उपयोग होत असेलही. मी डोळे मिटले की समोर रिपोर्टमधला क्रिएटिनिनचाच आकडा, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा. एकटीला गप्प बसवलं की माझं डोकं दुप्पट चालतं.

टाळ हातात असला की ती मुभाच नाही. भजनी ठेका आठ मात्रांचा. माझा हात जरा मागे पडला, तर पखवाजवाल्याच्या आधी शेजारणीला कळतं. ती वळून बघत नाही, फक्त स्वतःचा टाळ थोडा खणखणीत वाजवते. की मी परत लयीत.

आणि श्वास. पेटीवाल्या काकू ओळ म्हणतात, मग आम्ही ती धरतो. ओळ संपेपर्यंत दम पुरवायचा, त्या पुढची ओळ म्हणतात तेवढ्यात भरून घ्यायचा. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बेर्नार्दी या इटालियन डॉक्टरांचा अभ्यास आला होता. लॅटिनमधली जपमाळ म्हणताना किंवा मंत्र जपताना माणसांचा श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो आणि हृदयाचा ताल, रक्तदाब यांचं नियमन सुधारतं, असं त्यात दिसलं. ते वाचलं तेव्हा भजनानंतर खांदे खाली का येतात, ते जरा कळलं.

श्रद्धेचं म्हणाल, तर विठोबाशी माझं हल्ली बिनसलेलंच आहे. पण जनाबाईंनी त्याला तोंडावर शिव्या घातल्यात आणि ते अभंग लोक आजही चालीवर म्हणतात. रुसून म्हटलेलं भजन त्याला चालत असावं.

खरी गोष्ट माणसांची आहे. फोनवर चौकशी करणारे 'अगं बाई, आता पुढे काय गं?' म्हणून रडायला लागतात आणि शेवटी मलाच त्यांना धीर द्यावा लागतो. मंडळात कुणी चौकशीच करत नाही. बायका येतात, पदर खोचतात, सतरंजी घालतात, पेटीचा सूर काळी चार धरायचा की काळी पाच यावर भांडतात. निघताना टाळ पिशवीत भरता भरता एखादी म्हणते, 'उद्या मशीन ना? पोळ्या मी टाकते, तू भाजीचं बघ.' बस्स, एवढंच. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंचे यजमान पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेत, हे मला कितीतरी दिवसांनी कळलं, तेही तिसरीकडून. त्यांना मी अजून त्याबद्दल अवाक्षर विचारलेलं नाही. त्यांच्याकडे मुलगी येऊन थांबते, त्या दिवशीच त्या येऊ शकतात, म्हणून आम्ही भजनाचा वार बदलून घेतला, कारण न सांगता.

तुमच्याकडे भजन नसेल, तर चार जणींनी मिळून पापड लाटले तरी बहुधा चालेल. तोंडापेक्षा हात जास्त चालायला हवेत, एवढं मात्र खरं.

राहिला प्रश्न यांचा. मी गेल्यावर शेजारचे आजोबा येऊन बसतात, दोघं क्रिकेट बघतात. एकदा यांनाच विचारलं, 'मी भजनाला जाते ते तुम्हाला आवडत नाही का?' तर म्हणाले, 'जा की. तेवढा वेळ माझ्या पेल्याकडे कुणी डोळे लावून बसत नाही.'